खरवड

ताट माझ्यापुढे ठेवून दिग्ना वळली, मी काटा उचलला, आणि तेव्हा मला तो दिसला. भाताच्या कडेला, घेवड्याच्या रश्श्याला जरासा टेकून, तळहाताएवढा कोंकोनचा तुकडा. तांबूस, तेलाने चकाकणारा, एका कडेला काळा पडलेला. चुकून आला असेल, असं मला वाटलं. भर दुपारी दिग्नाचं डोकं ठिकाणावर नसतं. दोन हातांत चार ताटं, तोंडाने गिऱ्हाइकांशी भांडण, आणि कान मोबाइलकडे. मागे एकदा उपासाच्या शुक्रवारी हिने पाद्रीबाबांपुढे डुकराचं मटण ठेवलं होतं, आणि वर म्हणाली होती, "खा हो बिनधास्त, देव आज सुट्टीवर आहे." माझी नणंद आहे ती, म्हणून मला तिचं काही नवीन नाही.

"अगं दिग्ना, हे काय?"

"काय काय?" ती न वळताच म्हणाली.

"हे बघ तरी."

तिने वळून बघितलं. आधी माझ्या ताटाकडे, मग माझ्याकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. एरवी हिचं तोंड बंद करायला देवाला यावं लागतं. आता मात्र ती हातातलं फडकं उगाचच पिळत राहिली. "आईने वाढलंय," ती म्हणाली, "मी फक्त आणलं." आणि पुढच्या टेबलावर निघून गेली.

कोंकोन म्हणजे तरी काय? भाताच्या पातेल्याच्या बुडाला धरलेली खरवड. पण आमच्या या विया हुआना वस्तीत त्या खरवडीपायी सख्ख्या भावांनी अबोला धरलेला मी पाहिलाय. भात उपसून संपत आला की माझी सासू लिब्राडा मोठा लोखंडी डाव घेऊन पातेल्याचं बूड खरवडायला लागते. तो खर्र खर्र आवाज आतून आला की खानावळीतल्या सगळ्या माना वर होतात. डॉन चेलो, म्हणजे पूर्वी बंदरावर क्रेन चालवणारा म्हातारा, जो गेली कित्येक वर्षं त्याच खुर्चीत बसून तेच मटण मागतो, तो तर मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणत तिथूनच ओरडतो, "दोन्या लिब्राडा, या म्हाताऱ्याला एक तुकडा! मेल्यावर वर जाऊन तुमची शिफारस करीन." आणि आतून उत्तर येतं, "तुझी शिफारस तिथे कोण ऐकणार रे? आधी स्वतःची कवळी सांभाळ, मागच्या खेपेला रश्श्यात पडली होती." सगळे हसतात. त्याला तुकडा मिळतो, बाकीच्यांनाही थोडा थोडा मिळतो. पण ती दुसऱ्या पातेल्याची खरवड, दिग्नाने लावलेल्या भाताची. पहिलं पातेलं लिब्राडा स्वतः लावते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, आणि त्या पातेल्याची खरवड कोणाला मिळत नाही. ती कुठे जाते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ती कोणी मागत नाही.

ती जाते दाराजवळच्या टेबलावर. तिथे निळ्या काठाचं एक इनॅमलचं ताट असतं, त्यावर पालथं घातलेलं तसलंच दुसरं ताट. झाकणाखाली भात, घेवडा, मटणाचे चांगले तुकडे, तळलेल्या हिरव्या केळ्याच्या दोन चकत्या, आणि सगळ्यांवर पहिल्या पातेल्याची खरवड. शेजारी उलटा ठेवलेला पेला आणि काटा. त्या खुर्चीवर कोणी बसत नाही. एखादा नवखा माणूस चुकून बसलाच, तर डॉन चेलो काठीने त्याच्या पायाला टोचतो आणि डोळ्यांनी बाजूला हो म्हणतो. ते ताट माझ्या नवऱ्याचं आहे. रादामेसचं. तो कामाच्या शोधात मिचेसच्या किनाऱ्यावरून चोरून लाकडी होडीत बसून प्वेर्तो रिकोला गेला, त्याला आता चौथं वर्ष लागलं. होडी तिकडे पोचली नाही आणि इकडेही परत आली नाही. लिब्राडा रोज ताट वाढते, झाकते, ठेवते. चार वाजले की समोरच्या बांधकामावरच्या कोणा मजुराला हाक मारते आणि ते ताट त्याला देते. घरच्या कोणाला ते अन्न कधीच दिलं नाही. मला तर नाहीच.

आणि आज ती खरवड माझ्या ताटात होती. मी काटा खाली ठेवला. दाराजवळ बघितलं, तर ताट होतं तिथे, नेहमीसारखं झाकलेलं, शेजारी पेला उलटा. मग झाकणाखाली काय आहे? उठून बघावं असं मनात आलं, पण उठले नाही. इतक्या वर्षांत मी ते झाकण कधी उचललं नव्हतं. गरजच नव्हती. मी रोज दुपारी यायची, लिब्राडाकडे आशीर्वाद मागायची, ती स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "देव भलं करो, पोरी," आणि मी त्या ताटाला वळसा घालून मागच्या भिंतीजवळच्या माझ्या टेबलावर येऊन बसायची. सलूनमध्ये सकाळपासून बायकांच्या केसांना रोलर लावून, गरम हवेच्या यंत्राखाली त्यांना बसवून, त्यांच्या नवऱ्यांच्या भानगडी ऐकून माझे खांदे भरून आलेले असायचे. हाताला केसांच्या औषधाचा वास. त्या वासाच्या हाताने मी जेवायची. जेवताना त्या ताटाकडे बघायची नाही. बघायचं नाही असं ठरवायलाही लागत नसे, इतकी सवय झाली होती.

सलूनमधल्या बायका मला विचारायच्या, "काय गं युडेल्का, म्हातारी अजून ताट वाढते?" आणि मी म्हणायची, "वाढते." "डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या." "असेल." मी असंच म्हणायची. ते सगळं म्हातारीचं आहे, मी तिथे फक्त जेवते, असं माझं सरळ होतं. दुःख करायचं ते माझं करून झालं होतं, असं मला वाटायचं. पहिल्या वर्षी मी समुद्राचा वाससुद्धा सहन करू शकत नव्हते. आता रविवारी समुद्रकाठच्या रस्त्यावर जाऊन बसते. समुद्राकडे पाठ करून बसते, ते वेगळं.

तो गेला त्या दिवशी इथेच जेवला होता. याच टेबलावर, माझ्यासमोर. होडीचं आईला सांगायचं नाही असं त्याने मला बजावलं होतं, आणि मी सांगितलं नव्हतं, पण लिब्राडाला कळलं नाही असं मला कधीच वाटलं नाही. त्याने मोटारसायकल विकली होती. पायात नवे बूट होते. वर तीनदा भात मागून घेतला. पोटच्या पोराचं एवढं कळत नसेल तर ती आई कसली? ती स्वयंपाकघराच्या दारात डाव घेऊन उभी होती आणि त्याचं खाणं बघत होती. त्याने खरवड मागितली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दे म्हणाला. "कशाला रे?" "मित्राला हवीय." "कोणत्या मित्राला?" "आहे एक." तिने पिशवी बांधून दिली. खरवड वाळली की बरेच दिवस टिकते, खाऱ्या हवेतही टिकते, हे तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

आणि मग तो निघाला. इथे लेकरू घरात शिरलं की आशीर्वाद मागतं, घराबाहेर पडताना मागतं, फोन उचलला की आधी तेच. पन्नाशीचा बाप्या असला तरी आईपुढे मागतोच. रादामेस तर दिवसातून दहादा मागायचा. कोपऱ्यावर सिगारेट आणायला निघाला तरी ओरडायचा, "आशीर्वाद दे गं, म्हातारे!" आणि ती म्हणायची, "जा मेल्या, देव तुझं भलं करो, आणि माझं डोकं शांत ठेवो." त्या दिवशी त्याने मागितला नाही. दारापर्यंत गेला, वळला, तिच्याकडे बघितलं. ती तिथेच उभी होती, वाट बघत. मी बघत होते दोघांकडे. त्याने हात वर केला, "येतो," म्हणाला, आणि गेला. बसथांब्यावर मी त्याला विचारलं, असं काय केलंस? तर म्हणाला, "मागितला असता तर माझा आवाज फुटला असता गं. मग तिने मला जाऊ दिलं असतं का?" तिथे पोचलो की पहिला फोन तिला करीन आणि आधी आशीर्वाद मागीन, असंही म्हणाला. मग बस आली.

होडी पोचली नाही हे कळलं, तेव्हा शेजारणी काळे कपडे घालून आल्या. कॉफीची पूड, साखर, बिस्किटं घेऊन आल्या, कारण मेलेल्या माणसाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला घरात माणसं बसतात, त्यांना काही तरी द्यावं लागतं. "दोन्या लिब्राडा, प्रार्थना कधीपासून ठेवायची?" त्यांनी विचारलं. "कोणाची?" "तुमच्या रादामेसची." तेव्हा तिने त्यांना जे सुनावलं ते अजून गल्लीत सांगतात. "जिवंत माणसाची प्रार्थना ठेवतात का गं? एवढीच हौस असेल तर घरी जा आणि आपापल्या नवऱ्यांची ठेवा!" कॉफी मात्र तिने ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी तिने पहिलं ताट झाकलं. मला तिने कारण एकदाच सांगितलं होतं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. "माझा पोरगा आशीर्वाद न घेता घराबाहेर पडलाय. त्याला तो घ्यायला यावंच लागेल. न घेता जाता येत नाही कोणाला. कुठंच जाता येत नाही." माझ्या मनात आलं, म्हातारीने बरी युक्ती काढली आहे. मला तेव्हा ते तिच्या वेडातलंच वाटलं होतं.

आता सांगते, फेर्मिनचं. तो इन्व्हर्टर दुरुस्त करतो. या शहरात दिवसातून दोनदा लाइट जाते, त्यामुळे त्याच्या धंद्याला मरण नाही. सलूनमधला इन्व्हर्टर बिघडला तेव्हा तो आला, आणि बिघाड दुरुस्त झाल्यावरही येत राहिला. चांगला माणूस आहे. बडबड्या नाही, पिणारा नाही, विधुर आहे, कान जरा मोठे आहेत. परवाच्या रविवारी समुद्रकाठी तो माझ्याशेजारी बसला होता, मी समुद्राकडे पाठ करून आणि तो समुद्राकडे तोंड करून. तो म्हणाला, "मला तुझ्याशी लग्न करायचंय."

"माझं लग्न झालंय," मी म्हणाले.

"कोणाशी?"

कुजकेपणाने विचारलं असतं तर मी त्याच्या तोंडावर पाणी ओतलं असतं. पण त्याने साधं विचारलं, कुठली वायर तुटली आहे हे विचारावं तसं. मी चपलेचा पट्टा उगाच घट्ट करत राहिले. मग तो म्हणाला, "हो म्हण, नाही म्हण, पण काही तरी म्हण. मी बुधवारी संध्याकाळी सलूनवर येतो." आज बुधवार. आज सकाळपासून मी तीन बायकांच्या केसांना चुकीचा रंग लावता लावता वाचले. एकीला जवळजवळ लाल करूनच टाकलं होतं. नाही म्हणायचं असं मी ठरवून टाकलं होतं. कारण सोपं होतं. ज्या बाईची सासू तिच्या नवऱ्याचं ताट रोज झाकून ठेवते, ती दुसऱ्याच्या घरात जाऊन कशी राहील? त्या म्हातारीच्या जिवाला काय वाटेल? मी हे फेर्मिनला सांगणार होते, अगदी याच शब्दांत, आणि मला मनातून बरं वाटत होतं, की माझ्या नाहीचं ओझं माझ्यावर नाही, तिच्यावर आहे.

आणि आता माझ्या ताटात ती खरवड. मी बघत राहिले, आणि मला काय झालं सांगू? राग आला. असा राग, की कानशिलं तापली. हिची हिंमत कशी झाली? हिने कोणाला विचारलं? मला विचारलं? रोज पातेल्याचं बूड खरवडून त्याच्यासाठी ठेवत होती ना, मग आज काय झालं? कंटाळली? आई कधी कंटाळते? माझ्या मनात एकामागून एक असलं काहीबाही येत होतं, आणि ते येताना मलाच ऐकू येत होतं की हे मी काय बोलतेय. मी, जी सलूनमध्ये बसून म्हणत होते, असेल परिणाम डोक्यावर. मी, जिला ते ताट म्हणजे म्हातारीचा खेळ वाटत होता. आणि आज तिने त्यातली तळहाताएवढी खरवड काढून मला दिली, तर माझ्या पायाखालची फरशीच सरकली. म्हणजे इतकी वर्षं मी त्या ताटाकडे बघत नव्हते ते काय म्हणून? ते तिथे आहे याची खात्री होती म्हणून. कोणी तरी वाट बघतंय, तेव्हा मी नाही बघितली तरी चालेल. मी सगळी वाट तिच्याकडे ठेवायला दिली होती आणि स्वतः मोकळी होऊन बसले होते. ताट तिचं नव्हतं. माझं होतं. निदान निम्मं तरी माझं होतं.

माझे डोळे भरून आले आणि मला त्याचीही चीड आली. डॉन चेलोला दिसू नये म्हणून मी मान खाली घातली. त्याला दिसलंच. त्याला सगळं दिसतं. "अरे वा," तो सुरू झाला, "आज आमच्या राणीला पहिल्या पातेल्याचा कोंको..." आणि तिथेच थांबला. त्याने दाराजवळच्या टेबलाकडे बघितलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. शेजारच्या टेबलावरचे दोघे टॅक्सीवाले बोलत होते, तेही गप्प झाले, कारण डॉन चेलो टोपी काढत नाही, जेवतानाही काढत नाही. आणि नेमकी त्याच वेळी लाइट गेली. डोक्यावरचा पंखा घरघरत मंद झाला आणि थांबला. एरवी लाइट गेली की सगळी गल्ली एका सुरात शिव्या देते. आज बाहेर ओरडले ते ओरडले, आत कोणी बोललं नाही. इन्व्हर्टर महिनाभर बंदच होता. खानावळीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आतून फक्त डावाचा आवाज येत होता. खर्र. खर्र. दुसऱ्या पातेल्याचं बूड ती खरवडत होती.

मला उठून जाता आलं असतं. ताट तसंच ठेवून, सलूनमध्ये काम आहे सांगून. किंवा ती खरवड उचलून दाराजवळच्या झाकणाखाली परत ठेवता आली असती, तेही माझ्या मनात आलं, अगदी हात पुढे झाला माझा. तसं केलं असतं तर लिब्राडा काही बोलली नसती. उद्या पुन्हा पहिल्या पातेल्याची खरवड झाकणाखाली गेली असती, मी संध्याकाळी फेर्मिनला नाही म्हटलं असतं, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो असतो. ती तर झालीच आहे. मी तुकडा बोटांनी उचलला. अजून गरम होता. काट्याने तो खाता येत नाही, हातानेच खावा लागतो. तेलाचा, जळक्या तांदळाचा, लसणाचा वास आला, आणि त्या वासाबरोबर तोही आला, रादामेस, गाल फुगवून खरवड चावताना, तोंड भरलेलं असताना हसणारा, भाताचे कण माझ्या ताटात उडवणारा. "हळू खा की रे," मी म्हणायची. "हळू खाल्ला तर त्याला कोंकोन कोण म्हणेल?" तो म्हणायचा.

मी चावा घेतला. खरवड गपचूप खाता येत नाही. कुठल्याच दातांना ते जमत नाही. कर्र असा आवाज झाला, माझ्या डोक्यात तर झालाच, पण बंद पंख्याखालच्या त्या सगळ्या खानावळीत झाला. आणि आतला डावाचा आवाज थांबला.

लिब्राडा बाहेर आली. जेवणाच्या वेळी ती स्वयंपाकघराबाहेर येत नाही. ठेंगणी बाई, पायांना सूज, डोक्याला फडकं बांधलेलं, चेहरा विस्तवाने लाल झालेला. ती माझ्याकडे आली नाही. ती दाराजवळच्या टेबलाकडे गेली, झाकण उचललं, बाजूला ठेवलं. वाफ आली. भात होता, घेवडा होता, मटण होतं, केळ्याच्या चकत्या होत्या. खरवड नव्हती. ते ताट दोन्ही हातांनी उचलून ती माझ्या टेबलावर आली, माझ्या ताटापलीकडे ठेवलं, आणि समोरची खुर्ची ओढून बसली. मी या घरात आल्यापासून तिला बसून जेवताना पाहिलेलं नाही. सगळं आवरल्यावर ती ओट्याजवळ उभी राहून, पातेल्यातूनच काही तरी खाते. दिग्ना दारात उभी होती, दोन्ही हात तोंडावर. लिब्राडाने तिच्याकडे बघितलं. "काय बघतेस? तो माणूस लिंबू मागतोय केव्हाचा." कोणीही लिंबू मागत नव्हतं. पण दिग्ना आत गेली.

"पहाटे आला होता," लिब्राडा म्हणाली.

मी तोंडातला घास गिळला. "कोण?"

"कोण म्हणजे? स्वप्नात आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही. कपडे ओले होते. मी म्हटलं, आत ये, ताट वाढलंय. तर म्हणाला, भूक नाही, घाई आहे. आशीर्वाद दे म्हणाला." तिने काट्याने भात आणि घेवडा कालवला, पण खाल्ला नाही. "मी आधी नाही दिला. मला कळत होतं ना, कशाला मागतोय ते. मी म्हटलं, आधी जेव. तो उभाच. पाणी गळत होतं खाली, माझी सगळी फरशी ओली. असा उभा होता बघ, लहानपणी काही मोडून आला की उभा राहायचा तसा. किती वेळ उभं करणार? किती वर्षं उभं केलं मी त्याला." तिने फडक्याने तोंड पुसलं. "दिला शेवटी. देव तुझं भलं करो म्हटलं. तर हसला आणि गेला."

स्वप्न तिला पडलं होतं की तिने पाडून घेतलं होतं, मला माहीत नाही. मी कधी विचारणारही नाही. विया हुआनात कोण कोणाबरोबर समुद्रकाठी बसतं हे संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळतं. तिलाही कळलं असणार, रविवारीच. पण तिच्या डोळ्यांखाली जे होतं ते एका रात्रीत येणारं नव्हतं, आणि खोटंही नव्हतं. मी टेबलावरून हात पुढे केला आणि तिचा हात धरला. तो खरखरीत होता आणि तेलाने निसरडा. तिने मला धरू दिला, जरा वेळ. मग सोडवून घेतला, कारण तिला काटा धरायचा होता.

"सोमवारपासून प्रार्थना ठेवू," ती म्हणाली. "नऊ दिवस. शेजारणींना तू सांग. माझ्याच्याने सांगवणार नाही, मागे फार बोलले आहे त्यांना."

"सांगते."

"आणि कॉफी माझीच. त्यांची नको."

"बरं."

तिने पहिला घास खाल्ला. सावकाश चावला. आपल्या पोराचं जेवण ती सगळ्यांसमोर बसून जेवत होती, आणि सगळे आपापल्या ताटात बघत होते. डॉन चेलोची टोपी अजून मांडीवरच होती. तिने मटणाचा एक तुकडा उचलून माझ्या ताटात टाकला, विचारलं नाही. "हा इन्व्हर्टर महिनाभर बंद पडलाय," ती घास चावत म्हणाली. "जीव नकोसा होतो आत. तुझ्या ओळखीचा कोणी आहे म्हणतात, दुरुस्त करणारा."

माझा काटा हातातच राहिला. "आहे," मी म्हणाले.

"मग सांग त्याला येऊन बघायला. फुकट नको म्हणावं. जेवून जाईल." आणि माझ्याकडे न बघता, ताटातला भात एकीकडे ओढत ती म्हणाली, "कान फार मोठे आहेत म्हणे त्याचे."

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम आलं. मी रडले. लपवलं नाही. तिने मला रडू दिलं, गप्प कर म्हणाली नाही. रडून झाल्यावर मी माझ्या ताटातली उरलेली खरवड उचलली, मधोमध मोडली, आणि अर्धी तिच्या ताटात ठेवली. तिने त्या तुकड्याकडे बघितलं. इतकी वर्षं तिने बुडापासून खरवडून काढली, याच्या ताटात वाढली, त्याच्या ताटात वाढली, पण स्वतः खाताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की तिला मागचे दात नाहीत.

"दातांनी नाही जमत मला," ती म्हणाली.

"मग राहू दे."

"राहू दे कशाला?" तिने तो तुकडा घेवड्याच्या रश्श्यात दाबला, काट्याच्या पाठीने हळूहळू, पुरता बुडेपर्यंत. "भिजू दे. मऊ झाला की खाईन." आणि काटा खाली ठेवून, हात मांडीवर घेऊन ती बसली. मीही माझा अर्धा तुकडा माझ्या रश्श्यात टाकला आणि बसले. वाट बघण्यात आम्हा दोघींचा हात धरणारं या गल्लीत कोणी नव्हतं. ही वाट तर थोडाच वेळ बघायची होती.